‘आज रात्री बारापर्यंतच’ : सवलतीतला गेमिंग लॅपटॉप घ्यावा का?

बचत गटाच्या कार्यक्रमात गेमिंग लॅपटॉपचं काय काम, असं काही जणींना वाटेल. पण दसरा-दिवाळी जवळ आली की आमच्या गटांच्या बैठकीत कर्जमागणीत हा शब्द आता हमखास येतो. पूर्वी मागणी यायची ती शेळी, शिलाई मशीन, दवाखाना, लेकीचं बाळंतपण, शाळेची फी यासाठी. आता त्याच वहीत लॅपटॉप लिहिला जातो. त्यातही साधा नाही, गेमिंगचा. सोबत मोबाईलवरचा एक फोटो असतो. मोठी किंमत खोडलेली, खाली लहान किंमत, आणि लाल अक्षरात ‘आज रात्री बारापर्यंतच’.

अशा वेळी घरात दोनच आवाज असतात. मूल म्हणतं, आत्ताच घ्या, नाहीतर गेलं. घरातली मोठी माणसं म्हणतात, खेळायला एवढे पैसे? मधे अडकते ती आई. तिच्या नावावर गटाचं कर्ज असतं, हप्ताही तीच भरणार असते, आणि त्या डब्यात नेमकं काय असतं हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून आज आपण तेच बघू. घ्या किंवा घेऊ नका, असं आम्ही सांगणार नाही. काय विचारायचं, ते सांगू.

आधी ‘गेमिंग’ या शब्दाचा घोळ सोडवू. हा शब्द ऐकला की बऱ्याच बायकांना मोबाईलवरची रमी आठवते, कुणाच्या तरी नवऱ्याचे बुडालेले पैसे आठवतात. ते वेगळं प्रकरण. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंदीच आणली आहे. गेमिंग लॅपटॉप म्हणजे तसलं काही नाही. तो एक जास्त ताकदीचा संगणक आहे, एवढंच. साध्या लॅपटॉपमध्ये चित्र दाखवायचं काम मुख्य प्रोसेसरच जाता जाता करतो. गेमिंग लॅपटॉपमध्ये त्या कामासाठी वेगळा, स्वतःची मेमरी असलेला भाग असतो. त्याला ग्राफिक्स कार्ड म्हणतात. खेळातली धावती चित्रं त्याच्यावर चालतात. पण इमारतीचं त्रिमिती चित्र, ॲनिमेशन, मोठे व्हिडिओ जुळवणं ही कामंही त्याच्यावरच चालतात.

म्हणजे पहिला प्रश्न, ‘या पोराला खेळायचंय का?’ हा नाही. पहिला प्रश्न आहे, ‘या अभ्यासाला, या कामाला ग्राफिक्स कार्ड लागतं का?’ याचं उत्तर अभ्यासक्रमाप्रमाणे बदलतं. बी.ए., बी.कॉम., डी.एड., नर्सिंग, स्पर्धा परीक्षा, टॅली, एक्सेल, ऑनलाइन तास, आपल्या मुक्त विद्यापीठाचा अभ्यास, यातल्या कशालाच ते लागत नाही. संगणक अभियांत्रिकीच्या सुरुवातीच्या वर्षांत जे प्रोग्रॅमिंग शिकवतात त्यालाही साधा, पण १६ जीबी रॅम असलेला लॅपटॉप पुरतो. आर्किटेक्चर, इंटिरियर, ॲनिमेशन, गेम तयार करायचं शिक्षण, व्हिडिओ एडिटिंग, यंत्राच्या भागांचे त्रिमिती आराखडे, इथे मात्र ते लागतं. तिथे साधा लॅपटॉप दिला तर मूल रात्रभर एका चित्रापुढे बसून राहतं.

आता आमच्या एका गटात काय झालं ते सांगतो. नावं सांगत नाही, पण गोष्ट खरोखरीची अडचण दाखवणारी आहे.

पंचवटीतल्या या गटात बारा जणी आहेत. त्यातल्या एक ताई पापड-मसाल्याचं काम करतात. त्यांची मुलगी आर्किटेक्चरला आहे. तिला प्रवेश मिळाला तेव्हा घरात फीचीच काळजी होती. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात राज्य शासनाने शंभर टक्के सवलत दिली, त्यात या मुलीची फी सुटली. पण फी सुटली म्हणजे शिक्षण फुकट झालं असं नसतं. ड्रॉइंग बोर्ड, कागद, मॉडेलचं सामान, प्रिंटा, आणि दुसऱ्या वर्षी लॅपटॉप.

लॅपटॉप दुसऱ्या वर्षी, हे लक्षात घ्या. आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षी बहुतेक काम हाताने काढायचं असतं. प्रवेशाच्या आनंदात पहिल्याच महिन्यात महागडा लॅपटॉप घेतला, तर एक वर्षाची वॉरंटी तो कपाटात असतानाच संपते, आणि खरं काम सुरू होतं तेव्हा बाजारात त्याच पैशांत त्याहून चांगला आलेला असतो. या ताईंनी वर्षभर थांबून ते टाळलं होतं. दुसरं वर्ष सुरू झालं, आणि नवरात्रात मुलीने मोबाईलवर एक लॅपटॉप दाखवला. ८३,९९० रुपये खोडलेले, खाली ५४,९९०. म्हणजे २९,००० रुपये वाचले, असं दिसत होतं.

सासूबाईंचं म्हणणं, पोरीच्या जातीला गेमचं मशीन कशाला? मोबाईल आहे की. आणि घ्यायचंच तर धाकट्याला घ्या, तो तरी वापरेल. मैत्रिणींनो, हे वाक्य आम्ही अनेक घरांत ऐकलं आहे. मुलगा मागतो तेव्हा त्याला अभ्यासाची गरज म्हणतात, मुलगी मागते तेव्हा ती हौस ठरते. म्हणून आम्ही ताईंना म्हटलं, बैठकीला मुलीलाच घेऊन या. तिचं तिला सांगू दे.

मुलगी आली. गटातल्या सगळ्यात मोठ्या मावशींनी सरळ विचारलं, “पोरी, गेमचं मशीन घेऊन तू करणार काय?”

ती म्हणाली, “मावशी, नाव गेमिंग आहे. मला त्याच्यावर घर काढायचंय. आत ऊन कुठून येतं, भिंतीचा रंग कसा दिसतो, ते सगळं दाखवावं लागतं. साध्या लॅपटॉपवर एक चित्र तयार व्हायला अख्खी रात्र जाते.”

“कॉलेजात नाहीत का संगणक?”

“आहेत. पण संध्याकाळी लॅब बंद होते. नंतर मुलं एकमेकांच्या खोलीवर बसून काम करतात. मी रात्री कुणाच्या खोलीवर जाऊ?”

यावर बैठकीत कुणी काही बोललं नाही. बायकांना ते समजायला वेळ लागला नाही. पण गरज पटली म्हणजे तो फोटोतलाच लॅपटॉप योग्य, असं होत नाही. म्हणून आम्ही मुलीला एक काम दिलं. कॉलेजच्या सरांकडून कोणतं सॉफ्टवेअर वापरायचं आणि त्याला किमान काय लागतं, ते कागदावर लिहून आण. आणि त्या लॅपटॉपचा पूर्ण मॉडेल नंबर आण.

हा पूर्ण मॉडेल नंबर फार महत्त्वाचा. आपण साडी घेताना पैठणी म्हटल्यावर थांबतो का? हातमागाची की यंत्रमागाची, रेशीम खरं की नकली, पदर कसा, सगळं उलटून बघतो. येवला आपल्याच जिल्ह्यात आहे, ही नजर आपल्याला कुणी शिकवायला नको. लॅपटॉपचंही तसंच. एकाच नावाखाली पाच-सात प्रकार असतात. वरून डबा तोच, रंग तोच, आतला माल वेगळा. तो फरक नावामागच्या लांबलचक अक्षर-आकड्यांत असतो.

आत काय बघायचं, ते थोडक्यात सांगतो.

एक, ग्राफिक्स कार्ड. एनव्हिडिया कंपनीची कार्डं जास्त दिसतात. त्यांचे आरटीएक्स ३०५०, ४०५०, ४०६० असे नंबर असतात. साधारणपणे पहिले दोन आकडे म्हणजे पिढी, मागचे दोन म्हणजे ताकदीची पायरी. पण नुसत्या नंबरावर जाऊ नका. कार्डाची स्वतःची मेमरी किती, तेही विचारा. ३०५० हे कार्ड ४ जीबी मेमरीचंही मिळतं आणि ६ जीबीचंही. तिसरी गोष्ट वॅट. तेच कार्ड एका लॅपटॉपमध्ये कमी वॅटवर चालवलेलं असतं, दुसऱ्यात जास्त वॅटवर. कमी वॅटचं कार्ड हळू चालतं. पाण्याची मोटर अर्ध्या अश्वशक्तीची की एकची, असा प्रश्न आपण विचारतोच ना, तसा हा.

दोन, रॅम. जड कामाला १६ जीबी हवी. ८ जीबी असेल तर पुढे वाढवता येते का, त्यासाठी आत रिकामी जागा आहे का, आणि त्याला किती खर्च येईल, हे आधीच विचारून किमतीत धरा.

तीन, साठवण. ५१२ जीबी एसएसडी किमान. दुसरी बसवायला जागा असेल तर उत्तम.

चार, पडदा. जाहिरातीत १४४ हर्ट्झ मोठ्या अक्षरात लिहितात. ते वेगवान खेळांसाठी उपयोगी. चित्राचं, रंगाचं काम करणाऱ्या मुलीला रंग खरे दिसणं जास्त गरजेचं. स्वस्त गेमिंग लॅपटॉपमध्ये बहुधा इथेच काटकसर केलेली असते. रंग फिके दिसतात. पडद्याच्या माहितीत ‘एसआरजीबी’ किती टक्के ते बघा. शंभरच्या जवळ हवं.

पाच, विंडोज. मूळ परवान्यासह आहे का? काही लॅपटॉप विंडोजशिवाय येतात आणि तेवढेच स्वस्त दिसतात. जुना साठा असेल तर आणखी एक खबरदारी घ्या. विंडोज १० ला कंपनीचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ असलेलाच घ्या.

मुलगी पुढच्या बैठकीला कागद घेऊन आली. सरांनी १६ जीबी रॅम आणि ६ जीबी ग्राफिक्स मेमरी लिहून दिली होती. फोटोतल्या लॅपटॉपमध्ये होतं ८ आणि ४. म्हणजे ५४,९९० रुपयांत जे मिळत होतं, ते तिच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या कामाला अपुरं पडणार होतं. २९,००० वाचले, हा हिशेब तिथेच संपला. जी वस्तू आपल्या कामाची नाही, तिच्यावर पैसे वाचत नाहीत, खर्च होतात.

आता त्या खोडलेल्या किमतीबद्दल. डब्यावरची छापील किंमत म्हणजे सगळे कर धरून जास्तीत जास्त किती घेता येतील, त्याची कायद्याने घातलेली मर्यादा. त्या किमतीला तो लॅपटॉप कधी विकला गेला होता, असा त्याचा अर्थ होत नाही. म्हणून किती टक्के सूट, हे बघूच नका. तीन गोष्टींशी ताडून बघा. हाच मॉडेल नंबर गेल्या महिन्यात कितीला होता? आपल्या मुलांना किमतीचा इतिहास दाखवणारी संकेतस्थळं माहीत असतात, त्यांना काढायला सांगा. नाशिकच्या दोन दुकानांत, म्हणजे एम. जी. रोड, कॉलेज रोडकडे गेलात तर हाच मॉडेल कितीला देतात? आणि याच पैशांत दुसऱ्या कंपनीचा काय मिळतो? ही तीन उत्तरं वहीत एकाखाली एक लिहिली की सूट खरी किती, ते उघड होतं.

सुटीच्या अटीही वाचा. ५४,९९० ही किंमत एका ठरावीक बँकेच्या क्रेडिट कार्डावरच होती. ताईंकडे ते कार्ड नाही. कार्डाशिवाय किंमत ५८,४९० होती. शेजाऱ्याचं कार्ड वापरू, असंही कुणी सुचवतं. मग बिल, हप्ता आणि परतावा सगळं शेजाऱ्याच्या खात्यावर जातं. त्या वाटेने जाऊ नका.

आणि दुकानदार म्हणाला की जीएसटी कमी झाल्यामुळे लॅपटॉप स्वस्त झालाय, तर त्याला हसून सांगा की २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या टीव्हीवरचा आणि एसीवरचा कर २८ वरून १८ टक्के झाला. लॅपटॉपवर तो आधीपासूनच १८ टक्के होता आणि तेवढाच राहिला.

राहिलं ते ‘रात्री बारापर्यंत’. घड्याळ उलटं पळताना दिसलं की माणूस घाबरतो, आणि घाबरलेला माणूस हिशेब करत नाही. केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला फसव्या युक्त्यांविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत अशा १३ युक्त्या सांगितल्या आहेत. खोटी घाई दाखवणं ही त्यातली एक. न विचारता टोपलीत जास्तीची वस्तू किंवा विमा टाकणं ही दुसरी. शेवटच्या पायरीवर एकेक आकार वाढवत किंमत चढवणं ही तिसरी. म्हणून पैसे भरायच्या आधी टोपली पुन्हा उघडून वाचायची. या मुलीने दुसऱ्या दिवशी सकाळी तोच लॅपटॉप उघडून बघितला. किंमत तीच होती, आणि घड्याळ नव्याने सुरू झालं होतं.

आता पैशांचा मामला. ताईंनी दोन दुकानांत विचारलं. सरांच्या कागदात बसणारा लॅपटॉप ६५,९०० ला मिळत होता. घरची बचत २६,५०० च्या आसपास होती. उरलेले कुठून आणायचे?

पहिला पर्याय ‘नो कॉस्ट ईएमआय’. म्हणजे बिनव्याजी हप्ते, असं आपण समजतो. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना सांगितलं आहे की शून्य टक्के व्याज असं काही नसतं. होतं काय, तर बँक व्याज लावते आणि विक्रेता तेवढी रक्कम किमतीतून आधी वजा करून दाखवतो. समजा ६०,००० रुपये सहा हप्त्यांत, बँकेचं व्याज १५ टक्के. व्याज होतं साधारण २,५०० रुपये. ते सुटीत वजा झालं तरी त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४५० रुपये, आपल्याकडून जातो. वर प्रक्रिया शुल्क. रक्कम फार मोठी नाही, पण ‘नो कॉस्ट’ नक्कीच नाही. आणि रोख पैसे दिले तर दुकानदार किती कमी करेल, हेही विचारून बघा. तो फरक हा हप्त्यांचा खरा खर्च असतो. एखादा हप्ता चुकला तर दंड आणि क्रेडिट कार्डाचं व्याज चढतं, ते वेगळंच.

दुसरा पर्याय बँकेचं शैक्षणिक कर्ज. बँकांच्या शैक्षणिक कर्ज योजनेत अभ्यासक्रमाला आवश्यक असलेल्या संगणकाचा खर्च धरता येतो. ज्यांच्या घरी असं कर्ज आधीच चालू आहे, त्यांनी बँकेत विचारावं. नुसत्या लॅपटॉपसाठी नवं कर्ज काढायचं तर कागदपत्रांत महिने जातात.

तिसरा पर्याय आपला गट. ताईंनी ४०,००० मागितले. आमच्या गटात दरमहा शेकडा दोन व्याज आहे, उरलेल्या मुदलावर. दहा महिन्यांत फेडायचं, म्हणजे महिन्याला मुद्दल ४,०००. पहिल्या महिन्यात व्याज ८००, दुसऱ्यात ७२०, असं उतरत दहाव्याला ८०. एकूण व्याज ४,४००. पहिला हप्ता ४,८००, शेवटचा ४,०८०. हे व्याज बँकेत जात नाही, गटातच राहतं आणि वर्षाच्या शेवटी वाटपात थोडं आपल्याकडेही येतं. तरी ४,८०० रुपये महिन्याला पापडाच्या धंद्यातून निघतात का, पावसाळ्यात निघतात का, हे ताईंनी सगळ्यांसमोर मांडलं. पावसाळ्यात पापड वाळत नाहीत. म्हणून त्यांनी मसाल्याच्या ऑर्डरी लिहूनच आणल्या होत्या.

पण खरी अडचण पुढे होती. त्याच बैठकीत दुसऱ्या एका ताईंनी पिको-फॉलच्या यंत्रासाठी १५,००० मागितले. गटाच्या हातात होते ५६,०००. दोघींना दिले तर उरतात हजार रुपये. मावशी म्हणाल्या, “आणि उद्या कुणाला दवाखाना लागला तर? हजारात काय होतंय?”

गटाची पंचसूत्री आपण सगळ्या पाठ म्हणतो. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशेब. पण एकाच वेळी दोन खऱ्या गरजा समोर आल्या की पंचसूत्री आपोआप उत्तर देत नाही. ते बायकांनी बसूनच काढावं लागतं. एकीचं म्हणणं, शिक्षण थांबता कामा नये. दुसरीचं म्हणणं, पिकोचं यंत्र घरात आलं की आठवड्यात पैसे सुरू होतात आणि दिवाळीच्या साड्या आत्ताच येणार, नंतर नाही. लॅपटॉपचं फळ चार वर्षांनी. तासभर चर्चा चालली. शेवटी मुलगीच म्हणाली, “माझं मोठं सबमिशन डिसेंबरात आहे. महिनाभर मी लॅबमध्ये भागवते. आधी काकूंना द्या.”

तसं ठरलं. पिकोचं यंत्र आधी. महिनाभराने बचत आणि परतफेडीचे पैसे जमा झाले, मग लॅपटॉपचं कर्ज. तोवर सगळे सेल संपले होते. दुकानात तोच लॅपटॉप ६५,९०० चा ६६,५०० झाला होता. म्हणजे थांबण्याची किंमत सहाशे रुपये पडली. त्या सहाशेत एकीचा दिवाळीचा धंदा झाला आणि गटाच्या पेटीत दवाखान्यापुरते पैसे राहिले. सेल गेला तर सगळं गेलं असं वाटतं, तेव्हा हा आकडा आठवा.

दुसऱ्या एका गटातली गोष्ट वेगळी. तिथे मुलगा बी.कॉम.ला. त्यालाही गेमिंग लॅपटॉप हवा होता. कशासाठी विचारल्यावर म्हणाला, टॅली आणि एक्सेल. मग थोडं थांबून म्हणाला, “आणि खेळायचं पण आहे.” त्याने खरं सांगितलं हे बायकांना आवडलं. खेळणं वाईट नाही. पण आईच्या कर्जावर खेळणं बरोबर नाही, असं गटाने ठरवलं. साध्या लॅपटॉपपुरतं कर्ज दिलं. गेमिंगचा घ्यायचा तर स्वतः कमावून घे, कुणी अडवणार नाही. तो सध्या सुट्टीत एका दुकानात बिलं करायला जातो.

घेतल्यानंतरचाही विचार आधीच करायला हवा. गेमिंग लॅपटॉप सव्वादोन-अडीच किलोचा असतो. चार्जर विटेसारखा, अर्ध्या किलोच्या पुढे. रोज सिटीलिंकच्या बसमध्ये उभं राहून पाठीवर न्यायचा असेल तर मुलीला एकदा दुकानात उचलून बघू द्या. बॅटरीवर साधं काम तीन-चार तास चालतं, जड काम तास-दीड तासच, आणि बॅटरीवर त्याचा वेगही उतरतो. तालुक्याच्या गावी, जिथे वीज जाते, तिथे हे धरून चाला. घरातच बसून काम करायचं असेल तर त्याच पैशांत डेस्कटॉप जास्त ताकदीचा येतो आणि त्याचा एखादा भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो. विजेचं म्हणाल, तर जड काम करताना साधारण १५० वॅट धरा. रोज चार तास, महिन्यातले पंचवीस दिवस, म्हणजे १५ युनिट. आपल्या बिलातला दर लावून बघा.

हा लॅपटॉप तापतो. एप्रिल-मे महिन्यात आपल्या पत्र्याच्या घरात तर फारच. गादीवर, उशीवर ठेवून चालवायचा नाही. खालची हवेची भोकं बुजतात. पाटावर ठेवा. वर्षातून एकदा पंखा साफ करून घ्या. मसाल्याची धूळ उडते त्या खोलीत तर अजिबात नको.

सॉफ्टवेअरवर पैसे घालवू नका आणि चोरीचंही घेऊ नका, त्यातून व्हायरस येतात. ऑटोडेस्कची ऑटोकॅड, रेव्हिटसारखी सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांना कॉलेजच्या ओळखीवर मोफत मिळतात. ब्लेंडर तर सगळ्यांनाच मोफत आहे.

खरेदीच्या दिवशी काय करायचं? जीएसटी नंबर असलेलं पक्कं बिल घ्या, त्यावर मॉडेल नंबर आणि सिरीयल नंबर लिहिलेला हवा. डब्यावरचा, मशीनच्या खालचा आणि बिलावरचा सिरीयल नंबर एकच आहे का ते जुळवा. डब्यावर निर्मितीचा महिना असतो, तो वाचा. कंपनीच्या संकेतस्थळावर सिरीयल नंबर टाकून वॉरंटी कधीपर्यंत आहे ते तिथेच बघा. ‘रिफर्बिश्ड’ किंवा ‘ओपन बॉक्स’ हे शब्द बारीक अक्षरात आहेत का बघा. म्हणजे तो वापरून किंवा नुसता उघडून परत आलेला असतो. सर्व्हिस सेंटर नाशिकात आहे की मशीन मुंबई-पुण्याला पाठवावं लागतं, माणूस घरी येतो की आपण न्यायचं, हे विचारा. ऑनलाइन मागवला तर डबा उघडताना सलग व्हिडिओ काढा. परत घेतात की फक्त बदलून देतात आणि किती दिवसांत, हे पैसे भरायच्या आधी वाचा.

तरी काही बिनसलं तर गप्प बसू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, मराठीतही बोलता येतं. तिथे नाही सुटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, विक्रेता बंगळूरचा असो की दिल्लीचा. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला तक्रारीची फी नाही. मुदत दोन वर्षांची.

शेवटी एक गोष्ट सांगायची आहे. यंत्रासाठी घरातलं सोनं मोडणं नाशिककरांना नवं नाही. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये लंडनला जाऊन कॅमेरा आणला, तेव्हा पैशांची अशीच ओढाताण होती. सरस्वतीबाईंचे दागिने त्या उद्योगात गेले. पण त्या नुसत्या दागिने देऊन बाजूला झाल्या नाहीत. फिल्मला भोकं पाडणं, फिल्म धुणं, ही कामं त्या शिकल्या. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मागे त्यांचेही हात होते. पांडवलेण्याच्या पायथ्याशी फाळके स्मारकात गेलात तर त्यांचीही आठवण काढा.

आम्ही आमच्या गटातल्या आयांना हेच सांगतो. ज्या यंत्राचा हप्ता तुम्ही भरणार, ते यंत्र तुम्हालाही थोडं यायला हवं. पापडाचा हिशेब एक्सेलमध्ये लिहा, मसाल्याचं लेबल लेकीकडून शिकून स्वतः तयार करा. त्या ताई आता महिन्याचा जमाखर्च त्याच लॅपटॉपवर लिहितात. सासूबाईंनी परवा नातीला विचारलं, यात आपलं जुनं घर काढता येईल का गं?

तर मैत्रिणींनो, वहीत एवढं लिहून ठेवा. काम कोणतं आणि त्याला काय लागतं. पूर्ण मॉडेल नंबर. तीन ठिकाणचे भाव. अटी धरून खरी किंमत. हप्ता कुठून निघणार. गटात आपल्या आधी कुणाची गरज आहे. या सहा ओळी भरल्या आणि तरी घ्यावासा वाटला, तर बिनधास्त घ्या. ओळी भरायला रात्रीचे बारा वाजून गेले तरी चालेल.

तुमच्या गटात असा प्रश्न आला असेल तर आम्हाला कळवा, पुढच्या भागात त्यावर बोलू.